आधी पाला, मग विष

शिवगंगा बागेच्या फाटकाशी माझा फोटो टांगलेला आहे हे मला माहीत नव्हतं. जननीचा फोन आला म्हणून मी स्कूटर कडेला घेतली, नाहीतर त्या फाटकाशी थांबायचं मला काही कारण नाही. पहाटे उठून बागेला फेऱ्या मारणारी, मग कठड्यावर बसून एकमेकांच्या साखरेची आणि प्रेशरची चौकशी करणारी, आणि शेवटी गाडीवरचा हिरवा रस पिऊन मोठं पुण्यकर्म उरकल्यासारखी घरी जाणारी माणसं मला बघवत नाहीत. जननी माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. ती फोनवर ओरडतच होती, "मॅम, रिझल्ट सूपरा वंदिरुक्कु, मॅम!" म्हणजे निकाल झकास आला होता, रक्ताच्या तपासणीवरून तिच्याही पाल्याने उंदरांची यकृतं राखलेली दिसत होती. मी "बरं" म्हटलं. यात ओरडण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. या जिल्ह्यात असा एक पाला उरलेला नाही, की ज्याने कुठल्या ना कुठल्या कॉलेजात कुठल्या ना कुठल्या उंदराचं यकृत राखलेलं नाही. फोन पिशवीत टाकताना समोर पाहिलं, तर रसाची गाडी, गाडीवर तीन भांडी, एकात दूर्वांचा रस, एकात केळीच्या गाभ्याचा, आणि तिसऱ्यात कीळानेल्लीचा, म्हणजे भुईआवळीचा. त्या तिसऱ्या भांड्यावर प्लास्टिकमध्ये घातलेलं तमिळ वर्तमानपत्राचं एक पिवळट कात्रण लोंबत होतं, आणि त्यात रेशमी साडी नेसून, हातात कसलीशी बक्षिसाची ढाल घेऊन, मी उभी होते. खाली ठळक अक्षरांत होतं की काविळीला आता भिण्याचं कारण नाही, आपल्या तंजावूरच्या प्राध्यापिकेने सिद्ध केलं आहे. मला हसू आलं असतं. पण गाडीपुढच्या रांगेत, घरून आणलेला स्टीलचा पेला हातात धरून, माझा थोरला भाऊ उभा होता.

अण्णा. शहाजी राव, वीणेचे मास्तर, तिरुवैयारुला आठवड्यातून चार दिवस शिकवायला जाणारे, ज्यांनी तीस वर्षांत माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही. गाडीवाल्या अलमेलुशी तो रोजच्या गिऱ्हाइकासारखं बोलत होता. तिने न विचारता तिसऱ्या भांड्यातला रस त्याच्या पेल्यात ओतला. त्याने तो एका दमात प्यायला, अंगवस्त्राच्या टोकाने तोंड पुसलं, आणि मान वर करून माझ्या फोटोकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावं तसं. त्याच वेळी झाडीतून ऊन आलं, सरळ त्याच्या तोंडावर पडलं, आणि मला त्याचे डोळे दिसले. बुबुळाभोवतीचं पांढरं पांढरं नव्हतं.  लगेच मी स्वतःला दटावलं, की गाडीवर पिवळी ताडपत्री आहे, तिचा रंग पडला असेल. मी दिवसभर पिवळेपणा शोधणारी बाई आहे, मला सगळीकडे तोच दिसणार. मी हाक मारली नाही. हाक मारून म्हणणार काय होते? आमच्या घरात मी आणि अण्णा एकमेकांशी बोलतो ते वैनीमार्फत, आमच्या जुन्या तंजावुरी मराठीत. "कामाक्षी, तिला सांग, पाणी तापलें." "वैनी, त्याला सांग, मी जेवून आल्ये." भांडण म्हणावं असं काही झालेलं नाही. बोलण्यासारखं काही नाही असं त्याने कधीतरी ठरवलं आणि मीही मग त्याच्यावर कडी केली. मी स्कूटर चालू केली आणि कॉलेजच्या रस्त्याला लागले. आरशात तो दिसत होता, पेला गाडीच्या बादलीत विसळून घेणारा, धोतरासारखी वेष्टी सावरणारा, ताठ चालणारा.

ताठ चालणारा, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी त्या कात्रणावर चिडलेले होते, आणि चिडले की मला दुसरं काही सुचत नाही. तो वार्ताहर मला अजून आठवतो. परिषदेच्या जेवणात केशरी भात खाताखाता त्याने विचारलं होतं, "मॅडम, सोप्या शब्दांत सांगा." मी सोप्या शब्दांत सांगितलं होतं. उंदरांचे चार गट. पहिल्याला नुसतं पाणी. दुसऱ्याला विष. तिसऱ्याला बाजारात मिळणारं यकृताचं औषध आणि मग विष. चौथ्याला आमच्या पाल्याचा अर्क आणि मग विष. विष म्हणजे काही समुद्रमंथनातलं नव्हे, घरोघरी डब्यात असते तीच तापाची, दुखण्याची पांढरी गोळी, पॅरासिटामॉल, फक्त भरपूर. आदल्या रात्री उंदरांना उपाशी ठेवायचं, उपाशी पोटावर ती चांगली चढते. मग शेवटी यकृत पाहायचं. चौथ्या गटाचं यकृत पहिल्या गटासारखं निघालं, की पाला जिंकला. पण आधी पाला, मग विष, या क्रमाने. हे मी त्याला दोनदा सांगितलं. विष आधी आणि पाला मागाहून, याबद्दल आम्ही एक अक्षर म्हटलेलं नाही. जगात असा कोण माणूस आहे ज्याला पुढच्या आठवड्यात आपल्याला विष मिळणार हे ठाऊक असतं आणि तो आजपासून पाला खायला लागतो? वार्ताहराने मान डोलावली, आणखी भात मागवला, आणि लिहिलं, काविळीवर औषध सापडलं. मला त्याचा राग नाही, कीव येते. राग मला माझ्या लोकांचा येतो. शाल पांघरून घेणारे, ढाल घेऊन फोटो काढणारे, दर डिसेंबरात कुठल्यातरी हॉटेलच्या थंडगार दालनात एकमेकांचे पाले ऐकून घेणारे. हा म्हणतो माझा निरगुडीचा, तो म्हणतो माझा आघाड्याचा, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या स्लाइडवर तेच, पुढील संशोधनाची गरज आहे. पुढचं संशोधन म्हणजे दुसरा पाला. एखाद्या पाल्याने काहीच केलं नाही असं कधी कुणी छापलेलं मी पाहिलं नाही. आणि हे सगळं वाचतं कोण? कोणी नाही. परीक्षक सारांश वाचतात, विद्यार्थी शीर्षक वाचतात, लेखकांच्या यादीतले निम्मे लेखक स्वतःचं नाव बरोबर छापलंय का तेवढं वाचतात. माझे सगळे पेपर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलेला माणूस या पृथ्वीवर एकच आहे, ती मी, असं मी परवापर्यंत सांगत असे. सांगताना मला बरं वाटत असे.

कॉलेजातल्या प्राण्यांच्या खोलीचा वास माझ्या अंगात मुरला आहे असं अण्णाचं म्हणणं. लाकडाचा भुसा, मूत, खाद्याच्या कांड्या, आणि या सगळ्यावर फिनेल. आमच्या घराला मागलं दार आहे ते त्याच्यामुळे. ज्या दिवशी उंदीर हाताळायचे किंवा मारायचे असतात त्या दिवशी मी पुढच्या दाराने घरात यायचं नाही, हा त्याचा नियम. मागून यायचं, मोरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग स्वयंपाकघरात पाऊल. स्मशानातून आलेल्या माणसासारखं. मी नवी नवी नोकरीला लागले तेव्हा त्याने हे वैनीला सांगितलं, वैनीने मला, आणि मी हसले, आणि तरीही केलं, आणि करत राहिले.  वडिलांनी वीणा त्याच्या मांडीवर ठेवली आणि मला म्हटलं, "तूं कांहींही शीक." त्या कांहींहीमधून मी प्रोफेसर झाले. प्रोफेसर झाले त्या संध्याकाळी वैनीने सुजी हलवा केला होता, आणि अण्णा तिरुवैयारुला गेला होता. आराधनेची तालीम होती म्हणे. दरवर्षी जानेवारीत, एका संत-संगीतकाराच्या पुण्यतिथीला, तिथे कावेरीकाठी शेकडो गाणारे वाजवणारे मांडी घालून रांगांत बसतात आणि सगळे मिळून तीच पदं म्हणतात. एवढ्या गदारोळात एका वीणेचा आवाज शेजारच्यालासुद्धा येत नसेल. पण अण्णा वर्षभर जगतो ते त्या सकाळसाठी. गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. सांधे बदलावे लागतील, आणि मग जमिनीवर मांडी घालणं विसरा, असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा अण्णाने डॉक्टर बदलला. खुर्चीवर बसून वाजवणाऱ्यांबद्दल तो जे बोलतो ते मी इथे लिहीत नाही. तुच्छतेच्या बाबतीत आम्ही एकाच आईची मुलं आहोत.

मी कॉलेजात पोचले तेव्हा जननीने पिंजऱ्यातून एक उंदीर काढला आणि मला दाखवायला धरला, मानेमागची सैल कातडी चिमटीत, शेपूट करंगळीत, अगदी मी शिकवलं तसा. "चौथा गट, मॅम. किती छान आहे पाहा." आमच्या पांढऱ्या उंदरांचे डोळे मुळात लाल, त्यांत कावीळ दिसत नाही. ती पाहायची कानात आणि शेपटीत. मी कान उजेडाकडे धरला. पातळ, गुलाबी, आत शिरा दिसणारा. मग दुसऱ्या गटातला मागितला. त्याचा कान जुन्या कागदासारखा. मी तो तसाच धरून राहिले असेन, कारण जननी म्हणाली, "मॅम, बरं नाही का?" आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, त्या मुलीने हसत हसत सांगितलं, की अण्णा सर किती अभिमानी आहेत मॅमचे. मागे दसऱ्याच्या सुमारास ते ग्रंथालयात आले होते, तुमचा कीळानेल्लीचा पेपर घेऊन. शब्दांखाली पेन्सिलने रेघा मारलेल्या. तक्ता समजावून दे म्हणाले. विषाच्या आधी पाला किती वेळ द्यायचा, रोज द्यायचा का, उपाशी पोटी का, सगळं विचारलं. मॅमना सांगू नको म्हणाले, सरप्राइज. "माझे अप्पा माझ्या पेपरचं नावसुद्धा वाचत नाहीत, मॅम," ती म्हणाली. उंदीर माझ्या हातात वळवळला. मी तो पिंजऱ्यात सोडला.

दसऱ्याच्या सुमारास. त्यानंतरच अण्णाचे गुडघे दुखायचे थांबले होते. मी पाहिलं होतं ते. सकाळपासून दुपारपर्यंत मांडी घालून तो पोरांना शिकवत बसे, उठताना भिंत धरत नसे, आणि मी मनात म्हटलं होतं, चला, वैनीच्या तेलाचा गुण आला, आता हीसुद्धा एक परिषद भरवील. मी दुखण्याचं औषध शिकवते. वर्गात उभी राहून शिकवते की दुखणं असं आपोआप जात नाही. आणि माझ्या घरात ते गेलं तर मी नाक मुरडलं आणि आपलं ताट घेऊन खोलीत गेले. डिसेंबरात व्रतांचा मार्गळी महिना लागल्यापासून तो एकच वेळ जेवत होता, एकादशीला तेवढंही नाही. उपाशी पोटावर चांगली चढते. त्याला जेवण नकोसं झालंय असं वैनी म्हणाली होती, हात खाजवतो म्हणाली होती, आणि मी म्हटलं होतं, भक्ती अंगाला येतेय. दिवसाउजेडी मी त्याला पाहतच नाही. संध्याकाळी जेवणाच्या खोलीत पाहते, आणि त्या खोलीत त्याच्या हट्टाने जुना पिवळा दिवा आहे, पांढऱ्या उजेडात घर दवाखान्यासारखं दिसतं म्हणून. त्या दिव्याखाली आम्ही सगळेच पिवळे. रोज उंदरांचे कान तपासणारी मी, भावाच्या समोर बसून महिनाभर सार-भात जेवले. मी हातमोजे काढले, बादलीत टाकले आणि निघाले. बसस्टँडजवळच्या विजेच्या दुकानात मी पांढरा दिवा घेतला. दुकानदार कुठला चांगला ते सांगत होता, मला ऐकू येत नव्हतं. मला अण्णाचा भयंकर राग आला होता, आणि रागाच्या खाली मी भ्याले होते, हे सरळच सांगते.

मी पुढच्या दाराने घरात गेले, चपला काढल्या आणि सरळ जेवणाच्या खोलीत खुर्चीवर चढले. वैनी स्वयंपाकघरातून धावत आली. "अय्यो वसू, पुढल्या दारीं आलीस? आणि स्नान?"

"स्नान मागाहून. अण्णा कोठें?"

"आतांच मुलें गेलीं. वीणा पुसताहेत. काय करत्येस गे, पडशील!"

त्या अंधाऱ्या खोलीत दिवसाही लागणारा जुना दिवा वैनीने नुकताच बंद केला असावा, तापलेला होता. पदराने धरून फिरवला, नवा बसवला, आणि वैनीला बटण दाबायला सांगितलं. खोली एकदम मोठी आणि गरीब दिसायला लागली. भिंतीवरचे तेलाचे डाग, ओट्यावरची पितळी भांडी, कॅलेंडर. अण्णा दारात आला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, दिव्याकडे पाहिलं, आणि सवयीने वैनीला म्हणाला, "तिला सांग, घराचा दवाखाना करूं नको."

 वैनी त्याच्या डोळ्यांकडे पाहत होती. तिचा हात बटणावरच राहिला होता. "देवा," ती म्हणाली, "हें काय झालें हो तुम्हांस?"

"मज कांहीं झालेलें नाहीं."

"गोळ्या कोठें आहेत?" मी विचारलं. वैनीला नाही, त्याला. किती वर्षांनी सरळ त्याला.

"कसल्या गोळ्या?" वैनी म्हणाली.

 अण्णा वळून बाहेरच्या खोलीत गेला आणि वीणेच्या तारा ठेवायचा पत्र्याचा डबा घेऊन आला. त्याने तो माझ्या पुढ्यात उघडला. वर तारांची वेटोळी, आणि खाली पट्ट्याच पट्ट्या, काही भरलेल्या, बऱ्याच रिकाम्या, वेगवेगळ्या दुकानांतून आणलेल्या. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची काही खूण नव्हती. उलट परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखा तो माझ्याकडे पाहत होता.

"वेड्यासारखा नाहीं घेत मी," तो म्हणाला. "रीतीनें घेतों. पहांटे पाला, मग गोळी. दुखेल तेवढ्या वेळां. उलट एकदांही केलों नाहीं. तुझा पेपर अवघा वाचला मी, वसू. डिक्शनरी घेऊन वाचला. लोक म्हणतात कावीळ जाते, कावीळ जाते. तसें तूं लिहिलेंच नाहींस! विषाच्या आधीं घेतला तर लिव्हर राखतो, एवढेंच लिहिलीस. त्या रसवालीसही मी सांगितलों, बाई, तुझ्या कागदावर चूक आहे. तिला कळत नाहीं. मज कळलें. चौथा गट. मी चौथा गट आहें."

मी खुर्चीवरून खाली उतरले नव्हते. वरून मला त्याच्या डोक्याचा मध्यभाग दिसत होता, विरळ पांढरे केस आणि मधली कातडी, तीही पिवळी. कुणीच वाचत नाही, कुणालाच क्रम कळत नाही, असं मी ज्या जगाला तोंड वाकडं करून सांगत आले, त्यात एका माणसाने माझं वाक्य न् वाक्य समजून घेतलं होतं. वार्ताहराला, परीक्षकांना, ढाली देणाऱ्यांना जे कळलं नव्हतं ते या वीणेच्या मास्तराला पेन्सिल घेऊन कळलं होतं. मला इतका आनंद झाला की त्याची मला लाज वाटली.

"चौथ्या गटास शेवटीं काय झालें, ठाऊक आहे तुज?" मी म्हटलं.

"लिव्हर चांगलें निघालें. पहिल्या गटासारखें."

"निघालें म्हणजे कसें? पोट फाडल्याशिवाय निघतें काय? मारले आम्हीं त्यांस, अण्णा. आजारी होते त्यांस आणि बरे होते त्यांसही. चारी गट. त्याच दिवशीं. पुढें ते किती जगले असते, रोज विष आणि रोज पाला घेऊन महिन्यानें काय झालें असतें, कोणास ठाऊक नाहीं. मजही नाहीं. तेवढें कोणी थांबतच नाहीं."

त्याने डब्यातली तारांची वेटोळी सारखी केली. मग हळूच म्हणाला, "तूं त्यांस मारून मागल्या दारीं आलीस त्या दिवशीं. पुष्कळ वेळ न्हात होतीस. मज आठवतें." आणि जरा वेळाने, हट्टी पोरासारखं, "आराधना होऊं दे. मग कोठें नेशील तेथें येतों."

"त्या गर्दींत तुझी वीणा ऐकतें कोण?" मी म्हणाले. त्याला दुखावण्यासाठीच म्हणाले.

"कोणी नाहीं," अण्णा म्हणाला. "तुझे पेपर ऐकतें कोण?"

वैनी रडायला लागली होती. रडता रडता तिने डब्यातल्या पट्ट्या ओच्यात गोळा करायला घेतल्या. मी खुर्चीवरून उतरले. बोलण्यासारखं आता एकच उरलं होतं. "मी लिहिलेलें ऐकलास," मी म्हटलं, "आतां मी सांगत्यें तें ऐक." तो काही वेळ त्या पांढऱ्या दिव्याकडे पाहत राहिला, डोळे बारीक करून. मग त्याने मला हात दिला. पाटावरून उठायचं नव्हतं, उभाच होता, तरी हात दिला. मी तो धरला. मनगटापासून कोपरापर्यंत खाजवून खाजवून लाल रेघा उठल्या होत्या, आणि बोटांच्या टोकांना तारांचे कठीण घट्टे. माझ्या अंगाला सकाळच्या उंदराचा वास होता, आणि त्याने हात ओढून घेतला नाही.

दवाखाना दूर नव्हता. रिक्षात तो मध्ये बसला, एका बाजूला वैनी, एका बाजूला मी. रक्त घेतलं, थांबा म्हणाले, थांबलो. कागद आला तो मी डॉक्टरच्या आधी वाचला. असे आकडे मी शेकड्यांनी पाहिले आहेत, पण दुसऱ्या गटात. पाल्याने काय राखलं होतं आणि काय नव्हतं, हे त्या कागदावरून सांगता येत नव्हतं, आणि कधीच येणार नव्हतं, कारण पाला न घेतलेला दुसरा अण्णा आमच्याकडे नव्हता. डॉक्टर सतीशकुमार म्हणून एक तरुण मुलगा होता, दाढी नीट कोरलेली, झोप न झालेली. त्याने कागद पाहिला, अण्णाचे डोळे खाली ओढून पाहिले, पोट दाबून पाहिलं. आज दाखल करून घ्यायचं, त्याने सांगितलं, शिरेतून औषध सुरू करायचं, लगेच. बरे होतील का, असं वैनीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, दोन-तीन दिवसांत कळेल, अजून काही दिवस असंच चाललं असतं तर विचारायला येण्याची गरज पडली नसती. चांगला डॉक्टर होता. मग वैनीने ओच्यातल्या पट्ट्या त्याच्यापुढे ठेवल्या, अण्णाने आपली रीत सांगितली, आणि त्याचा संयम सुटला. रोज एवढ्या गोळ्या, आणि वर पाल्याचा रस, रस घेतला की काही होत नाही म्हणे, हे तुमच्या डोक्यात भरवलं कुणी, त्याने तमिळमध्ये विचारलं. कुठला वैद्य? कुठला टीव्हीवरचा?

अण्णा खाटेवर उठून बसला. बसताना त्याने सवयीने पाय जवळ ओढले आणि मांडी घातली, आणि ती घालताना त्याच्या तोंडावर कळ उमटली, कारण सकाळची गोळी आता उतरत होती. कार्यक्रमात पुढचा राग जाहीर करताना तो जो आवाज लावतो, त्या आवाजात, शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "वैद्य नव्हे. माझी धाकटी बहीण. प्रोफेसर वसुमती. तिचा पेपर आहे. फार चांगला पेपर आहे, तुम्ही वाचा." आणि त्याने हाताने माझ्याकडे दाखवलं.

तीस वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबले होते.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. आधी साडीकडे, मग गळ्यातल्या कॉलेजच्या ओळखपत्राकडे, मग तोंडाकडे. ती नजर मला अनोळखी नव्हती. वार्ताहराकडे, रसवालीकडे, रांगेतल्या माणसांकडे, हॉटेलातल्या त्या शालींकडे मी जन्मभर तशीच पाहत आले आहे.

"तुम्ही?" त्याने विचारलं.

अण्णा माझ्याकडे पाहून मान हलवत होता, बोल, बोल, म्हणून.

"हो," मी म्हटलं. "मीच."